गिऱ्हाइकाआधी फिरून आलेली बॅग

चेनवाल्या बाईंच्या दुकानात हल्ली चेनी कमी आणि चाकंच जास्त दुरुस्त होतात, पण नाव एकदा पडलं की पडलं. चष्म्याचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्यामध्ये दाबून बसवलेला एवढासा गाळा. आत शिलाईचं मशीन, भिंतीवर टांगलेली हँडलं नि पट्टे, आणि जमिनीवर पोटं उघडी टाकून पडलेल्या बॅगा. वयाच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत बाईंनी इथे बसून अख्ख्या गावाला फिरायला धाडलं होतं. स्वतः मात्र त्या घर ते दुकान आणि दुकान ते घर एवढाच प्रवास करून होत्या.

याचं श्रेय नवऱ्याला द्यायला हवं. तो वीज खात्यात बिलांच्या टेबलावर होता आणि ऑफिसात त्याला सगळे ‘वेळापत्रक’ म्हणत. निवृत्तीला चार वर्षं होती. निवृत्तीनंतर एकवीस दिवसांचा मोठा प्रवास करायचा, असं त्याने नऊ वर्षांपूर्वी ठरवलं होतं आणि त्याची एक जाडजूड फाइल केली होती. पाचव्या दिवशी दुपारी किती वाजता आडवं व्हायचं, हेसुद्धा तीत होतं. बाईंनी एकदा विचारलं, “आणि सहाव्या दिवशी माझं डोकं दुखलं तर?” त्याने शांतपणे समासात पेन्सिलीने ‘गोळी’ असं लिहिलं.

तोवर कुठेही जायचं नाही. लोकांना तंबाखूचं व्यसन असतं, याला रजा न घेण्याचं होतं.

बाईंनाही यात काही वावगं वाटत नव्हतं. पण दुकानात एक ठरावीक गिऱ्हाईक वारंवार यायला लागलं. नुकतेच निवृत्त झालेले गृहस्थ, हातात मोठी कोरी करकरीत बॅग, आणि चाकांच्या जागी काळा भुगा. “अहो, एकदाही बाहेर काढली नाही हो,” ते कळवळून सांगत. बाई म्हणत, “तेच तर झालं.” वापरलेलं चाक झिजतं, पण कित्येक वर्षं टिकतं. नुसतं कपाटावर ठेवलेलं चाक आतल्या आत कुजतं आणि पहिल्याच फेरीला त्याचा चुरा होतो. एका वर्षात अशी अकरा गिऱ्हाइकं आली. अकराव्यानंतर बाई घरी गेल्या, स्टुलावर चढल्या आणि त्या एकवीस दिवसांसाठी घेऊन ठेवलेली बॅग खाली ओढली. चाकाचा भुगा थेट नवऱ्याच्या चहात पडला.

“चार वर्षांनी तू बदलशीलच की,” तो चहा गाळत म्हणाला. “घरचंच दुकान आहे.”

“आणि माझे गुडघे?”

“त्याचीही आता सोय असते.”

बाई फडकं घेऊन भुगा पुसायला लागल्या. बाई बोलल्या नाहीत की समजावं, काहीतरी शिजतंय.

त्यांच्या दुकानात सासऱ्यांपासूनचा एक नियम होता. दुरुस्त केलेली बॅग गिऱ्हाइकाला तशीच द्यायची नाही. आत सहा विटा भरायच्या, कोपऱ्यापर्यंत ओढत न्यायची आणि परत आणायची. कुरकुर ऐकू आली तर पुन्हा खोलायची. एका गुरुवारी, म्हणजे दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, बाई एका लाल बॅगेची अशी चाचणी घेत कोपऱ्यावर पोचल्या. तिथे एक बस सुटण्याच्या बेतात उभी होती. ती कुठे जाते हे त्यांनी पाहिलंही नाही, सरळ चढल्या. कंडक्टरने बॅग उचलायला हात घातला आणि त्याचा चेहरा पडला.

“काय आहे यात, मावशी?”

“विटा,” बाई म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

त्या दिवशी बाई सहा विटा घेऊन तासाभरावरच्या धरणावर गेल्या, भिंतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या, चहा प्यायल्या आणि सहाच्या सहा विटा घेऊन अंधार पडायच्या आत परत आल्या. मग दर गुरुवारी चाचण्या सुरू झाल्या. विटांच्या जागी सतरंजी, पाण्याची बाटली आणि एक जादा साडी आली. कधी नदीकाठ, कधी नुसतंच एखादं टेकाडावरचं गाव, दोनदा तर मुक्काम. वर्ष संपायच्या आत अशा एकतीस चाचण्या झाल्या. त्या वर्षी गावातल्या बॅगांची जेवढी हवापालट झाली, तेवढी त्यांच्या मालकांची झाली नसेल.

दर बुधवारी त्या नवऱ्याला विचारत, “उद्या येता का?” तो म्हणे, गुरुवारी ऑफिस असतं. असं सुटं सुटं फिरून मोठ्या प्रवासाची गोडी जाते, हेही वर असायचं. एकटं फिरायची बाईंना भीती नव्हती, उलट मजाच येत होती. पण एकदा टेकाडावर ढग अगदी अंगावरून गेला, “अहो, बघा ना” म्हणायला त्यांनी मान वळवली, आणि शेजारी कुणा प्राध्यापकाची निळी बॅग. तेव्हा बाईंना नवऱ्याचा असा काही राग आला आणि त्याच दमात इतकी आठवण आली, की त्या तिथेच सतरंजीवर बसून थोडं रडल्या. आपले पाय चालताहेत, त्याचेही चालताहेत, आणि ही चालती वर्षं तो फाइलीला लावून ठेवतोय, हे त्यांना सोसत नव्हतं.

मग एका शनिवारी ऑफिस सुटल्यावर नवरा दुकानात डबा न्यायला आला होता, तेव्हाच लाल बॅगेचा मालक तणतणत आत शिरला. हे पाणी खात्यातले निवृत्त इंजिनिअर. काही महिन्यांपूर्वी नेलेली बॅग त्यांनी म्हणे काल पहिल्यांदा उघडली. त्यांनी टेबलावर एक बसचं तिकीट आपटलं.

“हे माझ्या बॅगेत कसं आलं? मी तर कुठे गेलेलो नाही.”

बाईंनी तिकीट ओळखलं. दुकानाची अब्रू आता जाते म्हणून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं, पण तोंड खरं तेच बोललं. “मी घेऊन गेले होते. धरणावर. चाचणीला.”

“म्हणजे माझी बॅग माझ्याआधी फिरून आली?”

“हो,” बाई म्हणाल्या. “चुकलंच माझं.”

इंजिनिअर आणखी चिडणार असं वाटत होतं, पण ते स्टुलावर बसले. तिकीट हातात घेऊन त्यांनी पुन्हा वाचलं. “भिंतीवरून चालता येतं अजून? त्या टोकापर्यंत?”

“येतं की.”

“ते धरण बांधलं तेव्हा मी तिथे होतो. हिला म्हणायचो, निवृत्त झालो की सगळी धरणं दाखवीन. बावीस आहेत. नकाशा काढून ठेवला होता.” ते थोडं हसले. “आता तिच्या कमरेला अर्ध्या तासाच्या वर बसवत नाही. धरण तासावर.”

त्यांनी तिकिटाची नीट घडी केली. मग विचारलं, “अर्ध्या तासात काय येतं, बाई? तुम्ही एवढं फिरलात, तुम्हाला माहीत असेल.”

बाईंना माहीत होतं. पंपघराच्या मागचा तलाव, वीस मिनिटांवर, बस अगदी काठाशी थांबते, आणि पाठ टेकायला बाक आहेत. त्यांनी ते एका कागदावर लिहून दिलं. इंजिनिअरांनी लाल बॅग तिथेच सोडली. एवढी मोठी आता लागत नाही म्हणाले, आणि खांद्याला अडकवायची एक छोटी पिशवी घेऊन गेले.

नवरा डबा हातात धरून अजून उभाच होता.

“किती वय असेल यांचं?” त्याने विचारलं. “सत्तर?”

“एकसष्ट,” बाई म्हणाल्या.

तो स्वतः पंचावन्नाचा होता. त्याने मनात जी वजाबाकी केली ती त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसली. त्याने डबा ठेवला, मोबाइल काढला आणि साहेबांना फोन लावला. बाई मशीनवर उगाचच एक पट्टा शिवायला लागल्या आणि कान देऊन ऐकू लागल्या.

“साहेब, गुरुवारी रजा हवी होती.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तेहतीस वर्षांत न झालेली गोष्ट, साहेब घाबरलेच असणार.

“नाही, तब्येत बरी आहे.”

पुन्हा प्रश्न.

“नाही, घरचेही बरे आहेत.”

मग पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. नवऱ्याने ते ऐकून घेतलं, एकदा बाईंकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कसलीही फाइल न उघडता उत्तर दिलं.

“काम काहीच नाही, साहेब. बायकोबरोबर जायचंय. कुठे ते तिला विचारून सांगतो.”