फुगलेली बॅटरी आणि मंडईची दंडार

किरनापूरच्या बाजारात माझ्या नवऱ्याचं शिलाईचं दुकान आहे. त्याच दुकानाच्या पुढच्या बाजूला, काच बसवलेल्या टेबलावर, मी मोबाईल दुरुस्त करते. चाळिशी जवळ आली तेव्हा बालाघाटला जाऊन हे काम शिकले. वर्गात बाई मी एकटीच होते. परत येऊन टेबल मांडलं, तर पहिलं वर्षभर लोक मोबाईल माझ्या नवऱ्याच्या हातात द्यायचे. "भाऊ, तुमीच पाहून द्या ना." नवरा गळ्यातला टेप दाखवून म्हणायचा, "मले बाहीचं माप घेता येते फक्त. मोबाईल तिच्याजवळ द्या." मग कोणी नाइलाजानं द्यायचं, कोणी "बाद में आता हूँ" म्हणून जे जायचं ते परत यायचंच नाही.

दिवाळी होऊन गेली होती. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. एका दिवसाची जत्रा. मिठाई, बांगड्या, उसाच्या मोळ्या, आणि दुपारी दंडार. ढोलकी-झांजांवर गाणी म्हणत, नाचत, सोंगं काढत गडीमाणसं खेळतात. अशाच एका दुपारी पन्नाशीचा एक माणूस दुकानात आला. जवळच्याच गावचा शेतकरी. रुमालाची गाठ सोडून त्यानं एक मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला. मोबाईलला दोन रबर गुंडाळलेले होते.

"वैनी, हा चालू होऊन नाही राह्यला," तो म्हणाला. "मांगचं झाकण निंगते म्हणून रबर लावले."

मोबाईल काचेवर ठेवला होता, पण तो काचेवर टेकलाच नव्हता. मी एका कोपऱ्याला बोटानं हलकंच ढकललं, तर तो भोवऱ्यासारखा गर्रकन फिरला. मोबाईलची समोरची काच एका बाजूनं उचललेली. वहीच्या कागदाची पट्टी कापून त्या फटीत घातली, तर ती बोटभर आत गेली. मी नाक जवळ नेऊन पाहिलं. नेलपॉलिशसारखा गोडसर वास अजून येत नव्हता. म्हणजे आतल्या बॅटरीची पिशवी फुटलेली नव्हती.

"भाऊ, ह्याची बॅटरी फुगली आहे. हे रबर कोणी सांगतलं लावाले?"

"कोणी नाही. मीच लावले. एकानं तर म्हटलं, टाचणी टोच, गॅस निंगून जाईन. कालपासून तेच करीन म्हणत होतो, पण हात नाही धजला."

मी मोबाईल त्याच्या पुढ्यातून माझ्याकडे ओढला. "बरं झालं नाही धजला. टोचली असती ना, तर हातातच पेटली असती."

मी रबर काढले आणि म्हटलं, मोबाईल जुना आहे, आता नवा घ्या. पण त्याला हाच मोबाईल हवा होता. मग हळूहळू त्यानं सांगितलं.

त्याचे वडील दंडारीचे शाहीर. पंचक्रोशीत त्यांच्या गाण्यांशिवाय मंडई व्हायची नाही. लिहिता-वाचता येत नव्हतं, सगळी गाणी डोक्यात. गेल्या तीन-चार वर्षांत ह्या मुलानं ती एकेक करून ह्याच मोबाईलवर भरून घेतली होती, म्हाताऱ्याला चहा पाजून, बिडी देऊन, ढोलकी पुढ्यात ठेवून. श्रावणात शाहिरांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तेव्हापासून त्यांच्या उशाशी हा मोबाईल दिवसभर चार्जिंगला लावून ठेवत, आणि ते आपलीच गाणी ऐकत पडून राहत.

"दिवसभर चार्जिंगला? उशीखाली?"

"हौ. बाबा बंदच करू देत नव्हते."

बॅटरी काहून फुगली ते मला समजलं. उष्णता आणि न थांबणारं चार्जिंग.

"परवा आमच्या गावची मंडई आहे," तो म्हणाला. "पोट्टे दंडार करतो म्हणतात, पण निम्मी गाणी कोणालेच पूर्ण येत नाही. मेमरी कार्ड नाही टाकलं मी. सब कुछ इसी में है, वैनी."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याची मशीन कधीची थांबली होती. तो उठला, शेजारच्या बांधकामावरून घमेलंभर कोरडी रेती घेऊन आला आणि दुकानामागच्या उघड्या अंगणात ठेवली. माझं काम तो रोज पाहतो, त्याला सांगावं लागलं नाही, बॅटरी पेटलीच तर ती रेतीतच दाबावी लागते.

मोबाईल पूर्ण बंद होता, ही चांगली गोष्ट. जितका चार्ज कमी तितका धोका कमी. चार्जरला मात्र मी त्याला हातही लावू दिला नाही. तो म्हणत होता, "एक बार लगा के तो देखो." मी म्हटलं, "फुगलेल्या बॅटरीले चार्जिंग म्हणजे भरलेल्या पोटी आणखी जेवण." अंगणात स्टूल मांडून बसले. मागचं झाकण बॅटरीनं आधीच अर्धं उचकटून ठेवलं होतं, बाकीचं प्लास्टिकच्या पट्टीनं सोडवलं. आत चांदीच्या रंगाची पिशवी उशीसारखी टम्म. पुरी अशी फुगली की सुगरणीचं कौतुक होतं. हिला पाहून मी दोघांनाही मागे सरकायला सांगितलं.

आधी बॅटरीची पिन सोडवली. मग खालचा गोंद. इथे लोक चुकतात. स्क्रू ड्रायव्हर घालतात, आणि लोखंडाच्या टोकानं पिशवी फाटते. मी कडेकडेनं स्पिरिटचे थेंब सोडले आणि थांबले. परत थेंब, परत थांबले. जुनं एटीएम कार्ड कापून केलेली पट्टी खाली सरकवत गेले, केसाएवढी, मग तांदळाएवढी. वाकवायचं नाही, दाबायचं नाही. शाहिरांचा मुलगा दाराच्या चौकटीला धरून उभा होता. अर्ध्या तासानं चर्र असा बारीक आवाज झाला. मी पट्टी तिथेच थांबवली. पण तो गोंद सुटल्याचा आवाज होता. बॅटरी अख्खी माझ्या हातात आली. ती रेतीत ठेवली आणि वरून रेती घातली.

तशी नवी बॅटरी माझ्याकडे नव्हती. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं बालाघाटला गेले, बॅटरी घेतली आणि दुपारच्या आत परत. शाहिरांचा मुलगा दुकानासमोर येऊन बसलेलाच होता. बॅटरी जोडली, बटण दाबलं. काळा पडदा. परत दाबलं. काहीच नाही. त्याचा चेहरा पाहवेना. मी झाकण परत उघडलं आणि एकेक जोड तपासत गेले. फुगलेल्या बॅटरीनं आतून रेटा देऊन पडद्याकडे जाणाऱ्या वायरपट्टीचा जोड उचलला होता. तो अंगठ्यानं बसवला, टक् आवाज आला, आणि पडद्यावर उजेड आला.

"आला! आला!" तो ओरडला. शेजारचा भांडीवालाही धावत आला.

पण अडचण संपली नव्हती. बॅटरीच्या रेट्यानं काचेचा खालचा भाग मेला होता. बोट फिरवलं तरी तिथे काही उमटेना, आणि मोबाईल उघडायचा पॅटर्न नेमका त्याच भागातून जाणारा. पॅटर्न लागल्याशिवाय गाणी काढता येत नव्हती. मग आठवलं, कॉम्प्युटरचा माऊस मोबाईललाही लावता येतो, जोडायची बारकी वायर तेवढी पाहिजे. वायर माझ्याकडे होती. माऊस भांडीवाल्यानं आपल्या मुलाच्या कॉम्प्युटरचा आणून दिला. पडद्यावर बाण दिसला.

"घ्या भाऊ, काढा तुमचा पॅटर्न."

त्यानं माऊस कधी धरला नव्हता, पॅटर्न तिसऱ्या खेपेला लागला. मेमरी कार्ड घालून मी सगळी गाणी त्यावर उतरवली, आणि कार्डावरून आणखी दोन मोबाईलवर. मग एक गाणं लावलं. शाहिरांचा तो भरदार आवाज आमच्या त्या एवढ्याशा दुकानात घुमला. बाजारातली माणसं दारात थांबली. एक म्हातारी भाजीवाली म्हणाली, "ह्या आवाजावर नाचली बाई मी, लग्नाच्या आधी." शाहिरांचा मुलगा तिथेच बाकावर बसून रडला आणि मग हसला.

त्यानं मला मंडईचं आमंत्रण दिलं. साधं आमंत्रण नव्हतं. "तुमी दोघंबी समोर बसान," असं बजावून गेला. रात्रीतून पोरांनी गाणी ऐकून पाठ केली.

मंडईच्या दुपारी शाहिरांना खाटेसकट आणून पिंपळाच्या सावलीत ठेवलं होतं. दंडार सुरू झाली. मुलगा पुढे, मागे दहा-बारा जण, पायांत घुंगरू. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तिसऱ्यात पोरांनी एक कडवं गाळलं आणि थेट शेवटावर गेले. तेवढ्यात खाटेवरून ठक ठक आवाज आला. शाहीर डाव्या हातानं खाटेच्या लाकडी कडेवर मारत होते, आणि चेहरा असा की जणू आता उठून एकेकाचा कान धरतील. ढोलकी थांबली. मुलाच्या लक्षात आलं. "चुकलो, बाबा!" असं म्हणून त्यानं कानाला हात लावला. सारी मंडई हसली. गाळलेल्या कडव्यापासून गाणं पुन्हा उचललं, आणि आता शाहिरांचा डावा हात ठेका धरत होता, बरोबर समेवर.

खेळाच्या मधल्या सुट्टीत मुलगा मंचाच्या मधोमध उभा राहिला. म्हणाला, "बाबाची गाणी ज्या बाईनं वाचवली ते इथंच बसली आहे. तिले आता विचारू, आपापले मोबाईल कसे पाहाचे ते."

मी उठले. पहिल्यांदाच इतक्या लोकांपुढे बोलत होते, पण जीभ अडखळली नाही. सांगितलं, सपाट जागेवर ठेवून फिरवून पाहा, गरगर फिरला तर समजा. काच उचलली का पाहा, गोड वास येतो का पाहा. फुगला असेल तर चार्जिंग बंद, दाबू नका, टोचू नका, उशीखाली तर कोणताच मोबाईल चार्जिंगला लावू नका. आणि निघालेली बॅटरी भंगारात किंवा चुलीत टाकू नका. माझ्याकडे आणून द्या, मी बालाघाटला जमा करते.

समोरच दंडारीच्या मंचाची लाकडी फळी होती. माणसं खिशांतून मोबाईल काढून त्या फळीवर ठेवू लागली, फिरवू लागली. सोंगातला एक जण, तोंडाला पावडर, अंगावर लुगडं, त्यानं आपला मोबाईल ठेवला आणि तो चक्क फिरला. "अरे बाप रे!" म्हणत त्यानं लुगड्याचा पदर खोचला, मोबाईल दोन्ही हातांत अंड्यासारखा धरला आणि गर्दीतून वाट काढत सरळ माझ्याकडे आला.

"बाई," तो म्हणाला, "हा तुमीच खोला. दुसऱ्या कोणाच्या हातात मी नाही देणार."

माझ्या शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. आणि नवरा असा खूश होऊन हसत होता, जणू सत्कार त्याचाच चालला होता.