प्रभुभोजनाच्या रविवारी

भावजींनी ताईचं डोकं दारावर आपटलं, हात पिरगळून मोडला, तेव्हा ती लोअर परळहून आमच्याकडे दादरला आली. "क्षमा कर आणि परत जा," असं आई तिला रोज सांगायची.

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं; येशूच्या आठवणीची ही भाकर पश्चात्ताप करूनच घ्यायची असते. भाकर घ्यायला भावजी सगळ्यांच्या आधी वेदीपाशी गुडघे टेकून बसले. ताई प्लास्टरमधला हात सावरत उठली.

"पाळकसाहेब, यांना पश्चात्ताप झालाय का, विचारा आधी."

"मी देवाची क्षमा मागितलीय," भावजी म्हणाले.

"आणि हिची?" पाळकसाहेबांनी भाकरीचं ताट मागे घेतलं.

भावजींनी ते ताट उडवलं आणि ताईला केसांना धरून बाकावर आपटलं. तिचा ओठ फाटला. मी मध्ये पडलो, तर त्यांच्या कोपराने माझं नाक फुटलं. शेवटी चौघांनी त्यांना फरशीवर दाबून धरलं आणि पोलीस आल्यावरच सोडलं.

पाळकसाहेब सांडलेली भाकर वेचत होते. "पोरी, क्षमा जमेल तेव्हा कर," ते म्हणाले. "पण क्षमा म्हणजे त्या घरी परत जाणं नव्हे."

ताईची पर्स उचलून आई तिच्याबरोबर तक्रार द्यायला निघाली.