पाणी ऐकणारे मामा

मुलांनो,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, बाबा कधी कुठल्या गँगमध्ये होता का?" तुम्हाला शाळेत एक कादंबरी लावली आहे म्हणे. एकाच गावातली सुखवस्तू मुलं आणि गरीब मुलं, त्यांच्या टोळ्या, त्यांच्या मारामाऱ्या. होता, तुमचा बाबा एका टोळीत होता. त्याला विचारूनच हे लिहिते आहे. मात्र त्याची गोष्ट सांगायची तर नगरपालिकेचं पाणी सोडणाऱ्या मामांपासून सुरुवात करावी लागेल.

मामा रस्त्याच्या कडेला उकिडवे बसलेले डोळ्यांसमोर आणा. पुढ्यात जमिनीतला चौकोनी खड्डा, त्यात पाइपलाइनचा व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्हवर बसवलेली कमरेएवढी लोखंडी चावी, वर आडवी मूठ असलेली. मामा चावी थोडी फिरवत, मग तिच्या दांड्याला कान लावून डोळे मिटत. आम्ही बायका बादल्या घेऊन ताटकळत असायचो.

"दम धरा. पाणी आधी बोलतंय, मंग येतंय."

थोड्या वेळानं ते डोळे उघडत, "येऊन राहिलं" म्हणत, आणि खरोखरच आमच्या नळांना खोकला लागे.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. तुमच्या आजोबांची नांदेडहून नव्या कचेरीत बदली झाली. आम्ही नव्या क्वार्टर्समध्ये राहायला गेलो, भिंतींना अजून चुन्याचा वास होता. पाऊस दोन वर्षं नीट झाला नव्हता. पाणी पाच दिवसांआड येई. कुंपणाच्या भिंतीमागे जुनी वस्ती होती. गवंडी, हमाल, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोती उचलणारे लोक. बरीचशी घरं बौद्धांची. पाइपलाइन दोघांची एकच. मामा आधी आमचा व्हॉल्व्ह उघडत, तो बंद करून मग वस्तीचा.

मुलांच्या टोळ्याही त्या भिंतीनंच पाडल्या होत्या. आमच्या मुलांकडे सायकली, बॅट आणि शिकवण्या. वस्तीतल्या मुलांकडे पूर्वी खेळायला माळ होता. क्वार्टर्स त्याच माळावर बांधल्यात हे मला फार उशिरा कळलं. ती मुलं आमच्या मुलांना 'दूधभात' म्हणत, आमची त्यांना 'मागचे'. सायकलींची हवा जाई, भिंतीवरून दगड येत आणि जात. वस्तीतल्या एका गवंड्याच्या मुलाच्या कपाळाला टाके पडले होते. तो दगड कुणाचा होता ते कुणीच कबूल केलं नाही.

मामा दोन्हीकडच्यांचे मामा. 'दूधभात' म्हणून चिडवलेलं ऐकलं की म्हणत, "मला तर सकाळधरनं दूध बी मिळालं न्हाई अन् भात बी न्हाई."

आता माझ्याबद्दल. मला सगळं टापटीप लागतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी पाण्याची वही ठेवली होती: तारीख, पाणी आल्याची वेळ, गेल्याची वेळ. आम्हाला अर्धा तास मिळे आणि वस्तीला सव्वा तास. मला तो अन्याय वाटला. मी छान इंग्रजीत नगरपालिकेला अर्ज लिहिला, की हा माणूस क्वार्टर्सचं पाणी वस्तीला देतो. अकरा घरांच्या सह्या घेतल्या. जेवणाच्या टेबलावर तो अर्ज मी मोठ्यानं वाचून दाखवला, तेव्हा पंधरा वर्षांचा तुमचा बाबा त्याच टेबलावर गणितं सोडवत होता. मामा रोजंदारीवर होते. कायम होणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव होतं, आणि अर्ज गेला असता तर ते कटलं असतं. हे मला माहीत होतं. अर्ज सोमवारी द्यायचा ठरला.

शनिवारी सकाळी मामांनी आमचं पाणी सोडलं आणि चावी व्हॉल्व्हवरच ठेवून पुढे कुठे पाइप गळतोय ते बघायला गेले. परत आले तर चावी नाही. आमचे हौद भरून वाहिले. वस्तीचा व्हॉल्व्ह मात्र बंदच राहिला. तिकडे नळापाशी घागरींची रांग लागलेली. तासाभरात मागची मुलं काठ्या घेऊन आमच्या फाटकाशी आली.

मामा त्यांच्या आडवे उभे राहिले. "चावी म्याच कुठंतरी ठिवली रे. म्हातारा झालो आता."

सरकारी चावी हरवली, हे कबूल करणं म्हणजे नोकरी गेली. ते ऐकून स्वयंपाकघरात तुमचा बाबा रडकुंडीला आला. त्यानं सांगितलं, त्याच्यासकट आमच्या पाच मुलांनी मिळून चावी क्वार्टर्सच्या कोरड्या आडात टाकली होती. माझा पहिला विचार गप्प राहायचा होता, हे तुमच्यापासून लपवत नाही. मग तो म्हणाला, "आई, तूच म्हणाली होतीस ना, ते आपलं पाणी त्यांना देतात म्हणून?"

मी त्याचा हात धरला आणि फाटकाशी नेलं.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. वस्तीतून दोर आणि कंदील मागवला. आधी कंदील आडात सोडला. तो विझला नाही, म्हणजे खाली हवा बरी होती. मग माझ्या मुलाच्या कमरेला दोर बांधला. "ज्यानं टाकली त्यानं काढावी."

दोर त्यांनी मागच्या मुलांच्या हातात दिला. सर्वांत पुढे तो कपाळावर टाक्यांचा व्रण असलेला गवंड्याचा मुलगा.

मी म्हटलं, "मामा, तो पडेल."

"बाई, ह्या लेकरांनी दुष्काळात दोरच ओढलाय. ह्यांच्या हातनं घागर बी पडत न्हाई." मग दोराचं शेवटचं टोक स्वतःच्या कमरेला बांधून ते आडाच्या काठाला पाय रोवून बसले आणि मुलांना म्हणाले, "सोडायचा असंल तर मला बी सोडावं लागंल."

माझा मुलगा आडात दिसेनासा झाला. दोर थरथरत होता आणि मी त्या मुलांच्या हातांकडे बघत होते. खालून लोखंडाचा खणखणाट आला. आधी चावी वर आली, मग तो. गुडघे सोलवटलेले.

गवंड्याच्या मुलानं वाकून बघितलं. "आयला, दूधभाताला बी रक्त हाय की."

सगळ्यांत आधी हसला तो तुमचा बाबा.

मामांनी वस्तीचा व्हॉल्व्ह उघडला आणि बाबाला चावीला कान लावायला सांगितलं. काय ऐकू आलं ते त्यानं मला कधी सांगितलं नाही. तुम्ही विचारून बघा.

संध्याकाळी मी वही आणि अर्ज घेऊन मामांकडे गेले. अर्जात काय आहे ते सांगितलं. त्यांनी वहीची पानं सावकाश उलटली.

"टाइम बरोबर हाय बाई. नळ तेवढे मोजले न्हाईत."

आमच्या प्रत्येक घरात एक नळ होता. साऱ्या वस्तीत मिळून एक.

वस्तीला पाणी उशिरा का गेलं, असं नगरपालिकेच्या कचेरीनं विचारलं तेव्हा मामांनी सांगितलं, "चावी आडात पडली होती. काढली." त्याच वर्षी ते कायम झाले. मुलं काही कादंबरीतल्यासारखी मित्र झाली नाहीत, पण त्यानंतर भिंतीवरून दगड आला नाही.

आम्ही नांदेडला परतल्यावर काही वर्षांनी मामा गेल्याचं कळलं, तेही महिनाभर उशिरा. त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले, म्हणून आता तुमच्याजवळ मानते आहे. तो आड बुजवला, व्हॉल्व्हचा खड्डा रस्त्याखाली गेला. पाण्याची वही माझ्या कपाटात आहे. तिच्यात घडी घातलेला तो अर्ज आहे, अकरा सह्यांसकट, न दिलेला.