झुरळाचा चुलतभाऊ
पेस्ट कंट्रोलच्या औषधाचा उग्र वास जिन्यात आला की चंदनसारच्या आमच्या जुन्या घराच्या गॅलरीतला कढीपत्ता आठवतो. त्याच्या फांदीवर, पुढचे पाय हात जोडल्यासारखे धरणाऱ्या एका हिरव्या किड्याने अंड्यांचा फेसाळ पुंजका चिकटवला होता, आणि माझी मुलगी रोज पिल्लांची वाट बघायची. झुरळांसाठी घरोघरी फवारणी करवत आलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरींना तिने कौतुकाने किडा दाखवला. "काका, हा झुरळाचा चुलतभाऊ! पुस्तकात आहे." "असं? मग आधी ह्यालाच मारा रे," म्हणत त्यांनी फवारणीवाल्यांना कुंडीवरच फवारा सोडायला लावला. "अहो, तो झाडावरचे किडे खातो, तुमचं काय खातो?" मी कडाडले. "वहिनी, किडा तो किडाच." किडा मेला, पुंजक्यातून एकही पिल्लू आलं नाही, झुरळं मात्र आठवड्यात परतली. आता फवारणीवाला आला की मी त्याला मोरी दाखवते आणि स्वतः गॅलरीच्या दारात आडवी उभी राहते.