दिनूच्या आवाजाला नाव हवं होतं

तळेऱ्याजवळ मोटारसायकल घसरून दिनू जागीच गेला, हे त्याच्या चुलतभावाने फोनवर सांगितलं तेव्हा मी मालवणात माझ्या सायबर कॅफेत बसून दिनूलाच आलेला एक निरोप वाचत होतो. हॉलंडमधला त्याचा नेहमीचा एक जण त्याला पुन्हा समजावत होता, तू करतोस ते संगीत डूमकोरच, उगाच वाद घालू नकोस. दिनूचे असले निरोप मीच वाचायचो, उत्तरं मीच टाइप करायचो. इंग्रजी माझं, भांडण त्याचं. फोन ठेवला तरी निरोप समोर तसाच उघडा... या गोष्टीला दोन महिने झाले, पण कॅफेत माझं बूड अजून ठरत नाही.

दिनू शाळेपासूनचा मित्र. आई मासे विकायची, हा लग्नाला आणि जत्रेला लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा. अठ्ठ्याण्णव साली गोव्याहून तारकर्लीला आलेला एक गोरा पाहुणा त्याच्याकडे एक कॅसेट विसरून गेला. ती ऐकून माझं डोकं उठलं आणि हा मात्र त्या दिवसापासून कामातून गेला. युरोपातलं नाचाचं संगीत, पण काळंकुट्ट. ठोका असा की छातीत बसावा. पुढे कॅफेत इंटरनेट आलं आणि कळलं, याच्या जाती-पोटजाती आहेत आणि जगभरची पोरं त्यावरून एकमेकांची डोकी फोडतायत. दिनूला हेच हवं होतं.

मला सगळं सारखंच वाटायचं. तसं म्हटलं की तो उसळायचा. "बांगडो नि पेडवो एका टोपलेत घातलंय तर आये माका घरात घेयत?" मग खुर्चीवरून उठून, येरझाऱ्या घालत शिकवणी सुरू. गॅबर म्हणजे फुटलेला ठोका, पण नाचता येतो. स्पीडकोरमध्ये ठोका मोजायला गेलात तर चुकलात. डार्ककोरमध्ये ठोक्यापेक्षा मधली भीती महत्त्वाची. डूमकोर संथ, जड. कुणकेश्वरच्या जत्रेत त्याने स्पीकर तपासायला हे डूमकोर लावलं, तर शेजारचा खाजेवाला धावत आला, "जनरेटर बिघडलो रे, बंद कर आदी." दिनू आठवडाभर हसत होता आणि मला ते हॉलंडवाल्याला कळवायला लावलं.

मग तो स्वतःच करायला लागला. किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं ओढतात, दोन्ही दोरांवर माणसं, पाय वाळूत रुतवून तासन्‌तास. त्या ओढण्याचे हुंकार, दोराची करकर त्याने टेपवर घेतली आणि खाली तो जड ठोका घातला. जुळतं का पाहायला बॅटरीवर स्पीकर लावून ओढणाऱ्यांनाच ऐकवायचा. ते मान वर न करता ओढत राहायचे. ते नुसतं सहन करतात, असंच त्याला वाटे. इंटरनेटवर सगळ्यांनी त्याला डूमकोरच्या टोपलीत टाकलं आणि हा पेटला. "तेंका लिही," तो मला म्हणाला, "डूमकोरात सगळा संपलेला आसता. माज्यात अजून ओढतत." मग दुसरं नाव सांग, असं तिकडून आलं. ते मात्र त्याला सुचेना. दहा नावं करायचा, दुसऱ्या दिवशी दहाही टाकून द्यायचा. शेवटी शेवटी चिडचिड वाढली होती. नाव नाही तर आपलं काहीच नाही, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. मला त्या हट्टाची भीती वाटायची.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. पडवीत त्याचा मोठा काळा स्पीकर, त्यावर त्याच्या आईची, काकीची, रिकामी टोपली उपडी घातलेली. काकी म्हणाली, "बरा झाला इलस. रापणीवाले कालपासून इचारतत. तां दोरीचा खंय आसा, तां लावून दी."

"दोरीचा?"

"दिनू लावी तां. आमी सगळे तसाच म्हणतव. दोरीचा लावल्यान काय हात भरान येणत नाय."

"दिनूक म्हायत होता?"

काकीने टोपली उचलून खाली ठेवली. "तो खंय इचारी? तेका सांगूचा रवान गेला..."

मी वायरी जोडल्या, त्याची टेप लावली. खोका थरथरायला लागला तसा काकीने त्यावर तळहात टेकवला आणि गाणं संपेपर्यंत काढला नाही.

हॉलंडवाल्याला उत्तर दिलं. संगीताचं नाव दोरी, ठेवलं रापणीवाल्यांनी. तो अजून मानत नाही. मीही सोडणार नाही. आता इंग्रजी माझं आणि भांडणही माझंच.