माझ्या ताटात काय आहे

जेवण नाकारता येतं. पोट भरलंय, उपास आहे, पित्त झालंय, काहीही सांगा, लोक ऐकून घेतात. प्रसाद मात्र आमच्या भागात नाकारता येत नाही. नाकारणाऱ्याला एक तर बाहेरचं काहीतरी लागलेलं असतं, नाही तर त्याच्या डोक्यात हवा गेलेली असते. मी लग्न होऊन संग्रामपूरकडच्या गावात आले आणि पहिल्या महिन्यातच माझ्या बाबतीत ही दोन्ही निदानं झाली.

कारण एवढंच, की मी उपदेशी घरातली. माझं माहेर चिखलीच्या पुढे, जालन्याच्या अंगाला. घर महानुभाव पंथाचं. गुरूकडून एकदा उपदेश घेतला, की कृष्णाला आणि पंथाच्या अवतारांना मानायचं, बाकी कुठल्या देवाची पूजा करायची नाही आणि त्याचा प्रसाद खायचा नाही. कुणाला नावं ठेवायची नाहीत. आपलं आपण पाळायचं. यात न समजण्यासारखं काय आहे, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

वडिलांनी तर सुपारी फुटायच्या आधीच सांगून टाकलं होतं. नवं राज्य नुकतंच झालं होतं, त्या सुमाराची ही गोष्ट. सासरे आधीच वारले होते, त्यामुळे मुलाकडून बोलायला सासूबाईच पुढे होत्या. वडील म्हणाले, "मुलगी उपदेशी आहे. दुसऱ्या देवाचा प्रसाद खात नाही. चालत असेल तर पुढं बोलू." सासूबाई म्हणाल्या, "आमची काय हरकत? जबरदस्ती थोडीच हाये." हे वडिलांनी ऐकलं. मग मला पाहायला त्या आतल्या खोलीत आल्या आणि सोबतच्या बाईला हळूच म्हणाल्या, "होईन सवय हळूहळू." हे मी ऐकलं. पण मला कोण विचारतंय! लग्न ठरलं.

सासूबाईंची सगळी भक्ती शेगावच्या महाराजांवर. दर महिन्याला एसटीचे धक्के खात त्या शेगावला जायच्या आणि येताना पेढे, साखरफुटाणे आणि अंगाऱ्याची पुडी आणायच्या. आल्या आल्या आधी घरातल्यांच्या कपाळाला अंगारा, मग शेजारच्या पोरांच्या, मग गोठ्यात जाऊन बैलांच्याही. शेवटी उरायचे मी. सासूबाई हात पुढे करून उभ्या राहायच्या.

"आत्याबाई, मी घेत नाही."

"अवं, एक दाणा घे."

"नको."

"सगळे देव एकच असते, पोरी."

या एका वाक्यानं माझं डोकं जितकं फिरवलंय तितकं कुणाच्या शिव्यांनीही फिरवलं नसेल. सगळे देव एकच आहेत ना? मग मी माझ्या एकाला धरून बसले तर तुमचं काय गेलं? पण नाही. सगळे देव एकच, याचा अर्थ आमच्या गावात असा होता, की माझ्या देवानं त्यांच्या देवाच्या घरी राहायला यावं. त्यांचा देव कधी आमच्याकडे राहायला आला, असं काही माझ्या ऐकिवात नाही.

विहिरीवर तर रोजची उलटतपासणी. शेजारीण दोर सोडता सोडता विचारायची, "मंग तुमच्यात देव नसते का?"

"आहे की. कृष्ण आहे."

"मंग गणपतीनं तुमचं काय घोडं मारलं?"

मी समजावायची. कुणीच घोडं मारलेलं नाही, मला कुणाचा राग नाही, आमच्याकडे तसं पाळतात. ती मान हलवायची, बादली उचलायची आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न घेऊन परत यायची. नवऱ्याकडे तक्रार केली तर ते दोन्हीकडे पाहून म्हणायचे, "तुमी दोघी बी बरोबर हाये," आणि खांद्यावर दुपट्टा टाकून वावरात निघून जायचे. दोघी बरोबर आहेत असं म्हणणाऱ्या माणसाला वावरात फार काम असतं.

सासूबाई नुसत्या खाष्ट असत्या तर मला सोपं गेलं असतं. तेही सुख नव्हतं. आमच्याकडे पूजेला मूर्ती नसते, विशेष असतो. महापुरुषांचा स्पर्श झालेल्या दगडाचा तो लहानसा तुकडा. माझा विशेष कापडात गुंडाळून कोनाड्यात ठेवलेला होता. दिवाळीला घर सारवताना सासूबाई हात धुऊन, पदर डोक्यावर घेऊन तो उचलायच्या आणि पुन्हा जागच्या जागी ठेवायच्या. तिथं पोरांना हात लावू द्यायच्या नाहीत. माझ्या देवाशी त्यांचं अगदी गूळपीठ होतं. भांडण माझ्याशी होतं.

मग मला पहिल्यांदा दिवस गेले आणि चौथ्या महिन्यात सगळं संपलं. विहिरीवरच्या त्याच शेजारणीनं घरी येऊन सांत्वन केलं आणि जाता जाता म्हणाली, "प्रसादाले लाथ मारली ना, मंग काय होईन?" सासूबाईंनी तिला असं झाडलं, की ती पुढं कितीतरी दिवस आमच्या अंगणात फिरकली नाही. मला मात्र त्या काहीच बोलल्या नाहीत. फक्त जेवताना कधी वर पाहिलं, तर त्या माझ्या ताटाकडे बघत असायच्या.

दुसऱ्या खेपेला सुईणीनं सांगितलं, की बैलगाडी नको, एसटी नको, माहेरी जायचं नाही. सासूबाईंनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मला चुलीपाशी फिरकू देईनात. गरम भाकर, वरण, आंबाडीची भाजी, कढी, सगळं हातात आणून द्यायच्या, मी खाईपर्यंत समोर बसायच्या. आणि त्या सगळ्या महिन्यांत प्रसादाचा शब्द नाही. शेगावला जायच्या, यायच्या, सगळ्यांना अंगारा लावायच्या आणि माझ्यासमोरून मुकाट्यानं पुढे जायच्या. मला भरून यायचं. नवऱ्याला मी सांगितलंसुद्धा, की आई आता समजल्या. ते म्हणाले, "मी म्हणतच होतो." काही म्हणत नव्हते ते.

मुलगा झाला. बारशाला अंगण बायांनी भरलं. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटल्या आणि कुणीतरी म्हणालं, "नशीब काढलं बाई सुनेनं." सासूबाई एकदम खुलल्या. म्हणाल्या, "नशीब काय नशीब? रोज चिमूटभर अंगारा टाकत होती मी तिच्या वरणात. महाराजानंच केलं. तिले पत्ताबी नाही."

बाया हसल्या. अगदी मनापासून, कौतुकानं हसल्या. मांडीवर पोर होतं, ते दूध पीत होतं, आणि मला वाटलं, उठून ते वरणाचं पातेलं अंगणात भिरकावून द्यावं. मी काही केलं नाही. बायांचं कौतुक ऐकत पोराला घेऊन बसून राहिले. रागवायला त्यांनी जागाच ठेवली नव्हती. घरात आनंद, मांडीवर मूल, आणि मी कशासाठी चिडू? चिमूटभर राखेसाठी?

रात्री नवऱ्याला विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? ते म्हणाले, "पोरगं त झालं ना धडधाकट?"

हे असं उत्तर होतं, की त्याच्यापुढे कुणाचंच काही चालत नाही. पोरगं झालं. माझ्या पोटात वाढलं, मी जन्माला घातलं, आणि ते अंगाऱ्यामुळे झालं की अंगारा असूनही झालं, याचा निवाडा गावानं करून टाकला. माझ्याशी आजवर कुणी असं खोटं वागलं नव्हतं, आणि जी वागली ती माझ्यावर जीव टाकत होती. ह्याचं करायचं काय?

दुसऱ्या दिवसापासून मी ओसरीत तीन दगड मांडले आणि माझं मी रांधायला लागले. एका घरात दोन चुली म्हणजे गावाच्या लेखी वाटणीच. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. डोळे भरले होते.

"मी का तुले जहर देल्लं?"

"जहर दिलं असतं तर लोकांनी माझी बाजू तरी घेतली असती," मी म्हणाले.

त्या आत गेल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. लोकांना वाटलं सून छळते.

बातमी पोचली तशी वडील आले. मला वाटलं, आता कुणीतरी आपल्या बाजूचं बोलेल. सगळं ऐकून घेऊन वडील शांतपणे म्हणाले, "नकळत पोटात गेलं, त्याचा दोष तुला नाही लागत, बाळा." मी कपाळाला हात लावला. दोषाचं विचारलंच कुणी होतं? सासरचे म्हणत होते फळ मिळालं, माहेरचे म्हणत होते पाप लागलं नाही. पण माझं ताट होतं, मला विचारायला हवं होतं, हे दोन्हीकडच्या एकालाही सुचत नव्हतं.

पाहुणा आल्यावर सासूबाईंचा रुसवा टिकणं शक्यच नव्हतं. त्यांनी कढी केली, भाकरी केल्या, वांग्याची भाजी केली, आणि वडिलांना पाट मांडला. वडिलांना प्रवासातल्या धुळीनं खोकला झाला होता, सारखे खोकत होते. ताट पुढं आलं. वडिलांनी हात जोडले आणि मीठ-तिखटाचं विचारावं तितक्या सहज विचारलं, "विहीणबाई, तुमच्या हातचं जेवायला मला आनंदच आहे. फक्त एक सांगा, यात शेगावचं काही आहे का?"

सासूबाई चौकटीला धरून उभ्या होत्या. माझे यजमान जमिनीकडे बघायला लागले. मग सासूबाई पुढं आल्या, वाकल्या, ताट उचललं.

"थांबा जराक," म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी त्यांच्या मागं गेले. विझत आलेली चूल त्यांनी पुन्हा फुंकली. पातेलं घासलं, ताक घेतलं, बेसन कालवलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "खोकला लय होता त्याईले."

"खोकल्याला अडुळसा देतात, आत्याबाई."

"तो बी देणारच होती."

मला हसावं की रडावं कळेना. बाहेर वडील उपाशीपोटी कपाशीच्या भावावर बोलत बसले होते. कढीला उकळी आली तेव्हा सासूबाई वळल्या. "तू काऊन नाही इचारलं कधी? तुह्या बापानं इचारलं, मी ताट उचललं. तू इचारलं असतं त तुले बी सांगितलं असतं."

आता यावर काय बोलायचं? स्वतःच्या घरात, घासाघासाला, माणसानं विचारत बसायचं? मी तसं म्हणालेही, चांगलं तावातावानं म्हणाले. पण म्हणता म्हणता मला कळत होतं, की ही बाई खोटं बोलत नाही. तिला सरळ विचारलं तर तिची जीभ वळत नाही. वडिलांना त्यांनी ताजी कढी वाढली आणि ते पोटभर जेवले.

ओसरीतले दगड मी काढले. दुसऱ्या दिवसापासून ताटावर बसलं की विचारायचे, "यात काही आहे?" सासूबाई म्हणायच्या, "नाही वं बाई, नाही." कधी वैतागून, कधी फटकारून, कधी पाहुण्यांदेखत मुद्दाम मोठ्यानं, म्हणजे सून कशी आहे ते चार लोकांना कळावं. गावात आमची थट्टा झाली. विहिरीवर बाया एकमेकींच्या घागरीत पाणी ओतता ओतता विचारायच्या, यात काही आहे का, आणि खिदळायच्या. मी विचारायचं सोडलं नाही. थट्टेपायी सोडायचं असतं तर लग्नातच सोडलं असतं.

मुलगा शाळेत जायला लागला आणि मला पुन्हा दिवस गेले. चौथा महिना लागला तसं घर गप्प झालं. मीही घाबरले होते, पण ते कुणाला दाखवलं नाही. सासूबाई महिन्यात दोनदा शेगावला जाऊन आल्या. स्वयंपाकघर पुन्हा त्यांच्या ताब्यात गेलं.

एके दिवशी जेवायला बसले आणि सवयीनं विचारलं, "यात काही आहे?"

"हाव," त्या म्हणाल्या.

माझा हात ताटातच थांबला. इतक्या वर्षांचा राग एका दमात वर आला. एवढं विचारून, एवढं हसं करून घेऊन, शेवटी पुन्हा तेच. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी माझ्यापुढची वरणाची वाटी उचलून आपल्याकडे घेतली.

"हे आमचं हाये, चुकून वाढलं. तुह्यं त्या झाकणाखाली हाये, येगळं."

चुलीच्या कडेला एक लहान पातेलं झाकून ठेवलेलं होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे रात्र रात्र जागल्यासारखे लाल होते.

"आत्याबाई," मी विचारलं, "माझ्या वरणात काही नाही, तर या खेपेला तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना," त्या म्हणाल्या. "मागच्या खेपेले मले झोप तरी लागे." आणि झाकण काढून त्यांनी माझं वरण मला वाढलं.