गुरुजींच्या छातीतली हवा

रोहण्याच्या प्राथमिक शाळेत प्रेमदास गुरुजी अठ्ठावीस वर्षं शिकवत होते. रविवारी विहारात पंचशील आधी ते म्हणत, बाकीचे त्यांच्यामागून. पाचव्या शीलापाशी थांबून ते व्यसनावर दोन शब्द बोलत. त्यांच्या सांगण्यावरून गावातल्या सात-आठ जणांनी दारू सोडली, दोघातिघांनी बिडीही.

हेच गुरुजी शाळा सुटली की गावातल्या तानबाच्या शेतात विहिरीआड बसून बिड्यांचं अर्धं बंडल संपवत. तानबा कुणाजवळ बोलणारा माणूस नव्हता. कपड्यांना वास आलाच तर गुरुजी घरी सांगत, "पारावर बसलो होतो, सगळे ओढून राह्यले होते." बायको तानाबाई हे खरं मानायची. खोकल्याचं कारण खडूची भुकटी, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

सत्त्याण्णव साली गुरुजींच्या पोटात अन्न टिकेना. जठराचा जुना व्रण आवळत जाऊन वाट बंद झाली होती. जिल्ह्यातल्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टर माधवी तपासायला आल्या. छातीला नळी लावून त्यांनी बराच वेळ ऐकलं.

"गुरुजी, बिडी-सिगारेट?"

तानाबाई पायाशी उभी होती. गुरुजी म्हणाले, "नाही."

"कधीच नाही? खरं सांगा. गॅसची भूल द्यायची आहे, पोट वरपर्यंत उघडायचं आहे. ओढत असाल तर महिनाभर थांबू, छाती साफ करू, मग करू."

गुरुजींच्या आधी तानाबाईच बोलली. "म्याडम, माह्या मालकानं बिडीले हात नाई लावला कधी. दुसऱ्याईच्या सोडवल्या त्याईनं."

गुरुजी छताकडे बघत राहिले. तेव्हाच खरं सांगितलं असतं तर सगळं निराळं झालं असतं.

ऑपरेशन चार तास चाललं आणि चांगलं झालं. गुरुजी शुद्धीवर आले तेव्हा पोटावर बेंबीपासून छातीपर्यंत टाके होते. खोकायला सांगितलं की टाके फाटतील असं वाटे, म्हणून ते खोकत नव्हते. खोलवर श्वासही घेत नव्हते. आत कफ साचत गेला. तिसऱ्या दिवशी ओठ निळे पडले. फुप्फुसाचा खालचा भाग मिटून गेला होता. घाईघाईने घशातून नळी घालून त्यांना श्वासाच्या यंत्रावर ठेवलं.

गुंगी उतरली की गुरुजींना सगळं ऐकू येई. बोलता येत नव्हतं. नळी ओढून काढू नये म्हणून दोन्ही मनगटं पट्टीने पलंगाला बांधलेली. यंत्र छातीत हवा भरायचं. ती पुरती बाहेर पडायच्या आत पुढची भरायचं. हवा आत साचत जायची, छाती फुगलेलीच राहायची, आणि तरी जीव गुदमरायचा. भरलेल्या पोत्यात कोणी आणखी कोंबत राहावं तसं.

पलंगापाशी डॉक्टरांचं बोलणं चाललेलं असे. हृदय कमजोर असेल का? पाणी साचलंय का? माधवी म्हणायच्या, "ही छाती मला ओढणाऱ्याची वाटते. पण बाई शपथेवर नाही म्हणतात."

नर्सने अंग पुसताना गुरुजींचा एक हात सोडला. त्यांनी ताबडतोब दोन बोटं ओठांशी नेली, बिडी धरतात तशी. नर्स ओरडली, "नळी ओढून राह्यले हे!" आणि हात पुन्हा बांधला, आधीपेक्षा घट्ट.

संध्याकाळी दहा मिनिटांसाठी तानाबाईला आत सोडलं. तिने विनवणी करून नवऱ्याचा हात पट्टीतून सोडवला आणि आपल्या हातात घेतला. गुरुजींनी तिच्या तळहातावर बोट फिरवायला सुरुवात केली.

"पाणी पायजे का जी?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवता येईल तेवढी हलवली. पुन्हा बोट फिरवलं. तानाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. गावभराच्या पोरांना अक्षरं शिकवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. हिच्या हातात त्यांनी कधी पाटी दिली नव्हती.

तानाबाईने तळहात सपाट पसरला. मग म्हणाली, "सावकाश काढा. मी ध्यानात ठेवतो."

त्यांनी चारदा काढलं. ती मूठ मिटून बाहेर आली, तशीच डॉक्टर माधवींच्या टेबलापाशी गेली आणि त्यांच्या पेनाने कागदावर उतरवू लागली. आधी एक उभी रेघ, तिच्यावर वळसा. मग पोट असलेलं एक अक्षर. अक्षरं वाकडी होती, पण वाचता येत होती.

"बिडी," माधवींनी वाचलं. "कोण ओढतं बिडी?"

तानाबाईने कागदाकडे पाहिलं. तिचं तोंड उतरलं. "तेच लेहून राह्यले," ती हळूच म्हणाली. "म्हणजे तेच ओढत असन."

माधवी तशाच आत गेल्या. यंत्राचे श्वास त्यांनी कमी केले, दोन श्वासांमधला वेळ वाढवला, म्हणजे बिडीने आवळलेल्या नळ्यांतून हवा पुरती बाहेर पडेल. श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध वाफेतून सुरू झालं. पहाटेपर्यंत छाती जराशी खाली बसली. यंत्र सुटायला मात्र आणखी अकरा दिवस लागले.

गुरुजींना आवाज आला तेव्हा तानाबाईने इतकंच विचारलं, "मले काऊन खोटं बोलाले लावलं जी, डाक्टरपुढं?"



गुरुजींनी बिडी सोडली, पण गेलेली छाती परत आली नाही. शाळेची पायरी चढताना दोनदा थांबावं लागे. मुदतीआधीच ते घरी बसले. विहारात जात, पण पंचशील दुसरं कुणी म्हणे. एका रविवारी त्यांनी उभं राहून सगळ्यांना आपली गोष्ट सांगितली. वाक्यं तुटत तुटत आली. कोणी हसलं नाही. ज्याच्या विहिरीआड हे चालायचं तो तानबा मात्र उठून बाहेर गेला.

दोन हजार तीन साली खोकून खोकून जुन्या टाक्यांच्या जागी आतडं कातडीखाली फुगून येऊ लागलं. माधवींनी एक्सरे उजेडात धरला. "गुरुजी, हे शिवायचं तर पुन्हा गॅसची भूल. तुमची छाती ती सोसणार नाही."

"मंग?"

"पट्टा बांधायचा. कायमचा."

तेव्हापासून रोज सकाळी गुरुजी खाटेवर उताणे पडत आणि तानाबाई रुंद पट्टा पोटाभोवती घालून ओढे. आधी श्वास सोडावा लागे, मगच पट्टा बसे. तेवढ्या वेळात ती त्यांच्याकडे न बघता म्हणे, "सोडा. आनखी सोडा. हं."